हायबरनेट करताना रॅममधलं सगळं ठेवायचं कुठे? एसएसडी, जुनी हार्ड डिस्क, स्वॅप फाइल की वेगळं पार्टिशन?

केळीबाग_रावेर

राम राम मंडळी. रावेर तालुक्यात आमचं केळीच्या गाड्या भरून पाठवायचं ऑफिस आहे. डेस्कटॉप एकच. ८ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी आणि १ टीबीची जुनी हार्ड डिस्क. एसएसडीवर विंडोज १० आणि लिनक्स मिंट दोन्ही आहेत. रोजचं काम मिंटवर चालतं, हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी विंडोज लागतं.

उन्हाळ्यात आमच्याकडे लाईट कधी जाईल आणि कधी येईल, दोन्हीचा भरवसा नाही. डीपी जळाली तर रात्रही अंधारात जाते. यूपीएस दहा मिनिटं धरतो. नेमकं त्या वेळी स्क्रीनवर शेतकऱ्यांच्या वजनपावत्या, गाडीची बिल्टी, आजचा बोर्ड भाव, बाहेरच्या व्यापाऱ्याशी झालेला पत्रव्यवहार, सगळं उघडं असतं. गाडीवाला दारात उभा असताना हे सगळं बंद करून नंतर परत मांडत बसणं जमत नाही. स्लीपचा उपयोग नाही, कारण स्लीपमध्ये रॅमला वीज लागतेच. म्हणून हायबरनेट, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद करायचं आणि नंतर तिथूनच उठवायचं.

आता अडचण अशी. विंडोजमध्ये सी ड्राइव्हवर हायबरफिल.सिस नावाची तीन जीबीच्या वर फाइल बसली आहे आणि सी तर आधीच भरत आलाय. ती डी ड्राइव्हवर, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कवर, हलवता येईल का? आणि मिंटमध्ये इन्स्टॉल करताना आपोआप बनलेली २ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरायची जागा) आहे, तिच्यात हायबरनेट होत नाही. तिथे फाइल मोठी करू, की वेगळं पार्टिशन काढू? एसएसडीवर की हार्ड डिस्कवर? एक जण म्हणाला पेनड्राइव्हवर ठेव. जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

भुसावळ_यार्ड

दादा, विंडोजचं आधी सांगतो, कारण त्याचं उत्तर सरळ आहे. हायबरफिल.सिस हलवता येत नाही. सिस्टिम ज्या ड्राइव्हवरून सुरू होते त्याच्या मुळातच ती राहते. नेटवर लिंक बनवून हलवायच्या युक्त्या सापडतील, त्यांच्या नादी लागू नका.

कारण समजून घ्या म्हणजे लिनक्सचाही अर्धा प्रश्न सुटेल. लाईट आल्यावर तुम्ही बटण दाबता तेव्हा विंडोज अजून उठलेलंच नसतं. बूट मॅनेजर एक छोटा प्रोग्राम चालवतो आणि तो ही फाइल वाचून रॅममध्ये भरतो. त्या छोट्या प्रोग्रामला तुमचा डी ड्राइव्ह, त्याची ड्राइव्हर्स, यातलं काही माहीत नसतं. लिहितानाही तसंच. तोपर्यंत विंडोजने बाकी सगळं थांबवलेलं असतं, आणि क्रॅश झाल्यावर मेमरी डम्प जिथून लिहिला जातो त्याच मोजक्या ड्राइव्हरांच्या वाटेने ही फाइल लिहिली जाते.

जागेचं म्हणाल तर विंडोज १० मध्ये ही फाइल रॅमच्या ४० टक्के असते, म्हणून तुमच्याकडे ती ३.२ जीबीच्या आसपास दिसते. पॉवरसीएफजी कमांडने तिचा प्रकार 'रिड्यूस्ड' केला तर ती २० टक्क्यांवर येते, पण मग खरं हायबरनेट बंद होतं आणि फक्त फास्ट स्टार्टअप उरतं. तुमच्या कामाचं नाही ते. त्यापेक्षा पेजफाइल.सिस (विंडोजची स्वॅप फाइल) डी ड्राइव्हवर हलवा, ती हलवता येते. सीवर तेवढी जागा मोकळी होईल.

पांझरा_काठ

भाऊ, सवाल भारी से तुन्हा. धुळ्यात आम्ही काही जण शाळांचे जुने कॉम्प्युटर मिंटवर चालवतो, तिथेही हा विषय कायम निघतो. लिनक्सचं मी लिहितो. थोडं लांबेल.

हायबरनेट म्हटल्यावर कर्नल (लिनक्सचा गाभा) आधी सगळे प्रोग्राम जागच्या जागी गोठवतो. मग रॅममध्ये जे वापरात आहे त्याची एक प्रत रॅममध्येच बनवतो. प्रत बनवायलाही रॅमच लागते, म्हणून इमेज एकूण रॅमच्या निम्म्यापेक्षा मोठी होऊच शकत नाही. त्याहून जास्त भरलेलं असेल तर कर्नल आधी काही पानं स्वॅपमध्ये ढकलतो, कॅश टाकून देतो. मग ती प्रत दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, स्वॅपमध्ये लिहितो आणि मशीन बंद करतो.

आता खरी गंमत स्वॅपच्या पहिल्या पानावर आहे. एरवी त्या पानाच्या शेवटी 'स्वॅपस्पेस२' अशी दहा अक्षरांची खूण असते. हायबरनेट झालं की कर्नल ती खोडून तिथे 'एस१सस्पेंड' अशी दुसरी खूण लिहितो. पुढच्या वेळी मशीन सुरू झालं की नवा कर्नल उठतो, त्याच्याबरोबर इनिटरॅमएफएस नावाची छोटी सुरुवातीची सिस्टिम येते, आणि ती एवढंच बघते: मला सांगितलेल्या जागी ही खूण आहे का? असेल तर इमेज वाचून रॅममध्ये भरायची, खूण पूर्ववत करायची आणि जुन्या कर्नलच्या हाती कारभार द्यायचा. नसेल तर नेहमीसारखं बूट.

हे सगळं कुठलीही फाइलसिस्टिम माउंट होण्याआधी, म्हणजे डिस्कवरच्या फाइली वापरायला जोडल्या जाण्याआधी होतं, आणि तसंच व्हायला पाहिजे. झोपलेल्या कर्नलच्या डोक्यात डिस्कचं एक चित्र पक्कं आहे. मधे कोणी फाइलसिस्टिम माउंट केली, जर्नल पुन्हा चालवलं, दोन गोष्टी बदलल्या, तर उठल्यावर त्याच्या डोक्यातलं चित्र आणि डिस्कवरचं खरं यांचा मेळ बसत नाही आणि डेटा खराब होतो.

म्हणून माझं मत पक्कं आहे. वेगळं स्वॅप पार्टिशन, एसएसडीवर, रॅमएवढं किंवा थोडं जास्त. ८ जीबीला ८ ते १० जीबी. कर्नलला 'रिझ्यूम=यूयूआयडी=' आणि पुढे त्या पार्टिशनचा यूयूआयडी (त्याचा स्वतःचा ओळखक्रमांक) एवढंच सांगायचं. फाइल शोधायची भानगड नाही, फाइलसिस्टिमचा संबंध नाही.

गिरणाकाठची

चाळीसगावहून लिहितेय. पांझरा सरांनी आतलं काम फार छान समजावलं, पण 'पार्टिशनच' हे मला पटत नाही. बऱ्याच लोकांकडे एकच एसएसडी असते, त्यावर विंडोज, रिकव्हरी, मिंट असं सगळं दाटीवाटीने बसलेलं. त्यात पार्टिशन लहानमोठं करताना मधेच लाईट गेली तर काय, याचाही विचार खान्देशात करावाच लागतो. स्वॅप फाइल त्यापेक्षा सोपी आणि तितकीच भरवशाची आहे. उबंटूने तर १७.०४ पासून डिफॉल्टच स्वॅप फाइल केली.

फरक एवढाच की कर्नलला दोन गोष्टी सांगायच्या. एक, फाइल ज्या पार्टिशनवर आहे त्याचा यूयूआयडी. दोन, त्या पार्टिशनवर फाइल कितव्या ब्लॉकपासून सुरू होते तो आकडा, 'रिझ्यूम_ऑफसेट='. तो आकडा 'फाइलफ्रॅग' कमांडला 'व्ही' जोडून काढायचा. तक्ता येतो, त्यातल्या शून्य क्रमांकाच्या ओळीत 'फिजिकल ऑफसेट' खाली जो पहिला आकडा आहे, तो. शेवटचे दोन टिंब सोडून फक्त अंक घ्यायचे. फाइल तुकड्यातुकड्यांत असली तरी बिघडत नाही. हा आकडा फक्त पहिल्या पानापुरता असतो, बाकीची पानं कुठे आहेत ती यादी इमेजमध्येच लिहिलेली असते.

एक पथ्य मात्र कडक पाळायचं. फाइल पुसून नव्याने बनवली किंवा बॅकअपमधून परत आणली की आकडा बदलतो. तो ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणाऱ्या बूट प्रोग्राममध्ये) बदलला नाही तर हायबरनेट चालणार नाही.

भुसावळ_यार्ड

ताई, सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) नव्या आवृत्त्यांत हे आपोआप होतं असं ऐकलंय. तो हायबरनेट करतानाच जागा यूईएफआयच्या (बायॉसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर) एका व्हेरिएबलमध्ये लिहून ठेवतो आणि उठताना तिथून वाचतो. मग हाताने आकडे लिहायची गरज काय?

गिरणाकाठची

बरोबर, पण त्यासाठी इनिटरॅमएफएसमध्येही सिस्टमडीच चालत असला पाहिजे. फेडोरात तसं आहे. मिंट २२ मध्ये सिस्टमडी नवा असला तरी त्याचा इनिटरॅमएफएस जुन्या पद्धतीच्या स्क्रिप्टांवर चालतो, त्यामुळे तिथे हाताने लिहावंच लागतं. आणि जुन्या बायॉसच्या मशीनवर यूईएफआय व्हेरिएबल हा प्रकारच नाही.

बीटीआरएफएस ही वेगळी फाइलसिस्टिम वापरणाऱ्यांसाठी: तिथे स्वॅप फाइल कर्नल ५.० पासून चालते, पण ती कॉम्प्रेस न केलेली आणि कॉपी-ऑन-राइट बंद केलेली हवी. ती वेगळ्या सबव्हॉल्यूममध्ये ठेवा, नाहीतर चालू स्वॅप फाइल असलेल्या सबव्हॉल्यूमचा स्नॅपशॉट घेता येत नाही. आणि फाइलफ्रॅगचा आकडा तिथे चुकीचा येतो. बीटीआरएफएसच्या स्वतःच्या 'मॅप-स्वॅपफाइल' कमांडने काढायचा.

केळीबाग_रावेर

दोघांचेही आभार. एक शंका. एसएसडीवर रोज एवढं लिहिलं तर ती लवकर जाणार नाही का? आमच्याकडे एका दिवसात चार-पाच वेळा लाईट जाते. म्हणून मला वाटत होतं की जुन्या हार्ड डिस्कवर ठेवावं, तिचं काही गेलं तरी दुःख नाही.

पांझरा_काठ

हिशेब करून बघा. रोज पाच वेळा, दर वेळी ४ जीबी, म्हणजे दिवसाला २० जीबी. वर्षाला ७.३ टीबी. सॅमसंगच्या ८७० ईव्हीओ या २५० जीबीच्या एसएसडीला कंपनी १५० टीबी लिहिण्याची हमी देते. म्हणजे एकट्या हायबरनेटने ती हमी संपायला वीस वर्षं लागतील. तुमच्या एसएसडीचा आकडा डब्यावर किंवा कंपनीच्या पानावर टीबीडब्ल्यू म्हणून सापडेल. स्वस्तातल्या एसएसडीला तो कमी असतो, पण त्यातही हायबरनेटने ती मरेल अशी भीती नको. आणि ४ जीबी हेही जास्तच धरलंय. कर्नल इमेज रॅमच्या दोन पंचमांशात बसवायचा प्रयत्न करतो, म्हणजे तुमच्याकडे ३.२ जीबी, तीही दाबल्यावर आणखी लहान होते.

हार्ड डिस्कचं 'गेलं तरी दुःख नाही' हे मात्र मला मान्य नाही. इमेज लिहून मशीन बंद झालं की तुमचं उघडं काम जगात फक्त त्या एका जागी आहे. ती वाचताना खराब सेक्टर लागला तर पावत्या गेल्या. ज्या डिस्कवर भरवसा नाही तिथे ही गोष्ट ठेवूच नये.

तोरणमाळ_वारा

शहाद्याहून. यूपीएस दहा मिनिटं धरतो असं दादांनी लिहिलंय, त्या दृष्टीनेही बघा. जुनी हार्ड डिस्क बाहेरच्या कडेला सेकंदाला शंभरेक एमबी लिहिते, आतल्या कडेला जवळजवळ निम्मं. ३ जीबीला अर्धं ते एक मिनिट. साटा एसएसडीला सहा-सात सेकंद. बॅटरी नवी असेपर्यंत दोन्ही चालतं. पण यूपीएसची बॅटरी आपल्या उन्हात किती लवकर उतरते ते सगळ्यांना माहीत आहे. दहा मिनिटांचा यूपीएस पुढच्या चैत्रात दोन मिनिटांवर येतो, आणि त्यातला एक मिनिट डिस्कच्या फिरण्यात घालवायचा, हे नको. लिहिणं पूर्ण व्हायच्या आत वीज गेली तर खूण लिहिलीच जात नाही, म्हणजे मशीन साध्या बूटने उठतं आणि काम जातं. अर्धवट इमेजवरून उठायचा धोका नसतो एवढं बरं.

ज्यांच्याकडे हार्ड डिस्कच आहे त्यांनी स्वॅप पार्टिशन डिस्कच्या सुरुवातीला काढावं. बाहेरची कडा तिथेच असते.

दुसरं, माणूस खुर्चीत नसताना लाईट गेली तर? यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल तर केबल मशीनला लावा. मिंटमध्ये यूपॉवर नावाचा प्रोग्राम त्याची बॅटरी वाचतो. '/ईटीसी/यूपॉवर/यूपॉवर.कॉन्फ' मध्ये 'क्रिटिकल पॉवर ॲक्शन' अशी ओळ आहे, तिथे 'हायबरनेट' लिहा. बॅटरी ठरलेल्या टक्क्याखाली गेली की तो आपोआप करतो. ती टक्केवारी त्याच फाइलमध्ये वाढवून ठेवा, अगदी शेवटच्या क्षणापर्यंत थांबू नका. बाजारात मिळणाऱ्या साध्या यूपीएसला पोर्ट नसतं, तिथे माणसालाच बटण दाबावं लागतं.

भुसावळ_यार्ड

पेनड्राइव्हचं राहिलं. नको. तांत्रिकदृष्ट्या कर्नल ते करू शकतो, पण सुरू होताना यूएसबी ओळखायला वेळ लागतो, तोवर इनिटरॅमएफएसने खूण शोधून 'नाही सापडली' म्हणून पुढे गेलेलं असतं. स्वस्त पेनड्राइव्हचा लिहिण्याचा वेग हार्ड डिस्कपेक्षाही कमी. आणि ऑफिसात कोणीतरी गाणी भरायला तोच काढून नेतो.

शिवाय त्या पेनड्राइव्हवर काय असतं ते लक्षात घ्या. रॅम म्हणजे सगळंच. उघडलेला हिशेब, ब्राउझरमधला बँकेचा पासवर्ड, ईमेल. खिशात मावणाऱ्या वस्तूवर ते ठेवायचं नाही.

वाघूर_जामनेर

हा मुद्दा निघालाच आहे तर एन्क्रिप्शनचं विचारतो. मी मिंट इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट केली. तरी स्वॅपमध्ये सगळं उघडं राहतं का?

पांझरा_काठ

स्वॅप त्याच लक्सच्या (लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन) आत असेल तर नाही, आणि तेच बरोबर. मग उठताना आधी पासफ्रेज विचारला जातो, लक्स उघडतं, मग इमेज वाचली जाते. इनिटरॅमएफएसमध्ये हा क्रम बरोबर असला पाहिजे. कुलूप उघडण्याआधी खूण शोधली तर काहीच दिसत नाही.

एक प्रकार बघायला मिळतो तो टाळा. काही जण क्रिप्टटॅब या एन्क्रिप्शनच्या सेटिंग फाइलमध्ये स्वॅपला दर बूटला नवी यादृच्छिक किल्ली देतात. सुरक्षेच्या दृष्टीने चांगलं आहे, पण हायबरनेट त्यात शक्य नाही. दाराला कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकण्यासारखं आहे ते, आतलं नंतर कोणालाच मिळणार नाही, तुम्हालाही नाही.

आणि सिक्युअर बूट, म्हणजे फक्त सही तपासलेलीच सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय. तो चालू असेल तर उबंटू, मिंट, फेडोरा यांचे कर्नल लॉकडाउन नावाच्या कडक अवस्थेत जातात आणि त्यात हायबरनेट मुद्दाम बंद असतं. कारण डिस्कवरची इमेज कोणी बदलली तर सही तपासलेल्या कर्नलमध्ये न तपासलेलं काहीही घुसवता येईल. '/सिस/पॉवर/डिस्क' ही फाइल वाचा. तिथे चौकटी कंसात 'डिसेबल्ड' दिसलं तर स्वॅप कितीही नीट मांडला तरी उपयोग नाही. आधी बायॉसमध्ये सिक्युअर बूट बंद करायचा की नाही ते ठरवा. रावेरचे दादा, तुमच्याकडे विंडोज आहे, त्यात बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर सिक्युअर बूटला हात लावण्याआधी त्याची रिकव्हरी किल्ली कागदावर लिहून ठेवा.

पाटील_सर_यावल

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. या चर्चेत थोडा मागचा संदर्भ घालावासा वाटतो, कारण हाच प्रश्न नव्वदच्या दशकातल्या लॅपटॉपमध्ये वेगळ्या रीतीने सुटला होता.

तेव्हा हायबरनेट ऑपरेटिंग सिस्टिम करतच नव्हती, बायॉस करायचा. त्यासाठी हार्ड डिस्कवर बहुतेक वेळा खास पार्टिशन असायचं. पार्टिशनच्या प्रकारांच्या यादीत हेक्स ८४ हा आकडा त्याच्यासाठी राखलेला आहे. आकार रॅम आणि व्हिडिओ मेमरी मिळून लागेल तेवढा. कोणी रॅम वाढवली की पार्टिशन अपुरं पडायचं आणि हायबरनेट बंद. डिस्क बदलली, पार्टिशन पुन्हा काढलं नाही, तरी बंद. डिसेंबर १९९६ मध्ये एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या मानकाची पहिली आवृत्ती आली, त्यात ही अवस्था एस४ म्हणून नोंदली गेली आणि कारभार ऑपरेटिंग सिस्टिमकडे सरकला. विंडोज २००० मध्ये हायबरफिल.सिस आली ती याच वाटेने. नंतर इंटेलने रॅपिड स्टार्ट नावाने पुन्हा फर्मवेअरकडे काम दिलं, आणि पुन्हा एसएसडीवर वेगळं पार्टिशन लागलं. ॲपलने फाइलच ठेवली, मॅकमध्ये ती 'स्लीपइमेज' नावाने सापडते.

हे सांगायचं कारण असं की पार्टिशन की फाइल हा वाद आवडीनिवडीचा नाही. उठताना सगळ्यात आधी कोण वाचणार आणि त्याला डिस्कबद्दल किती कळतं, यावर ते ठरतं. बायॉसला फाइलसिस्टिम कळत नव्हती, म्हणून पार्टिशन. विंडोजच्या बूट प्रोग्रामला एनटीएफएस (विंडोजची फाइलसिस्टिम) वाचता येतं, म्हणून फाइल, पण ठरलेल्या जागीच. लिनक्सच्या कर्नलने त्या क्षणी फाइलसिस्टिमला हात लावायचा नाही, म्हणून पार्टिशन किंवा ब्लॉकचा आकडा.

गिरणाकाठची

सर, फार उपयोगाचं लिहिलंत. आता माझाच प्रश्न. माझ्याकडे व्हिडिओ एडिटिंगसाठी ३२ जीबी रॅमचं मशीन आहे, फेडोरा. ३२ जीबी एसएसडी स्वॅपला द्यायची म्हणजे जिवावर येतं.

पांझरा_काठ

३२ लागेलच असं नाही. वर लिहिलं तसं इमेज निम्म्यापेक्षा मोठी होत नाही आणि दाबलेली असते. '/सिस/पॉवर/इमेज_साइज' या फाइलमध्ये शून्य लिहिलं तर कर्नल इमेज शक्य तितकी लहान करतो. किंमत अशी की कॅश टाकून दिल्यामुळे उठल्यावर पहिली काही मिनिटं मशीन जड चालतं. पण एक धरून चाला: स्वॅपमध्ये आधीच काही असेल तर तेवढी जागा कमी मिळते. १६ जीबीच्या स्वॅपमध्ये ५ जीबी भरलेलं असेल तर इमेजला ११ जीबीच उरतं, आणि नेमकं एडिटिंग जोरात असतानाच ते भरलेलं असतं. मी तुमच्या जागी २० ते २४ जीबी देईन.

आणि फेडोरा ३३ पासून स्वॅप झेडरॅमवर आहे, म्हणजे रॅममध्येच. तिथे हायबरनेट करता येत नाही, वीज गेली की तेही गेलं. तुम्हाला डिस्कवर वेगळी स्वॅप फाइल लागेलच. तिची प्रायॉरिटी झेडरॅमपेक्षा कमी ठेवा. रोजचं स्वॅपिंग झेडरॅममध्ये होईल आणि डिस्कवरची जागा हायबरनेटसाठी रिकामी राहील.

तोरणमाळ_वारा

रावेरच्या दादांकडे दोन सिस्टिम आहेत, म्हणून हे ठळक सांगतो. एक सिस्टिम हायबरनेट असताना दुसरी सुरू करून तिच्या ड्राइव्हवर लिहायचं नाही. विंडोज झोपलेलं असताना मिंटमधून एनटीएफएस उघडायला गेलात तर तो फक्त वाचण्यापुरताच उघडतो, तो अडथळा तुमच्या भल्यासाठी आहे. जबरदस्तीने उघडायची कमांड नेटवर मिळते, ती मारली की झोपलेलं काम पुसलं जातं. उलट बाजूला तर असा अडथळा कोणी घालत नाही. मिंट झोपलेलं, डी ड्राइव्ह त्यात माउंट केलेला, आणि तुम्ही विंडोज सुरू करून त्याच डीवर फाइल टाकली, तर मिंट उठल्यावर डीची वाट लागू शकते. हायबरनेट करण्याआधी मिंटमधून डी अनमाउंट करा.

आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंदच करा. 'शट डाउन' म्हटलं तरी ते आतून अर्धं हायबरनेटच असतं, आणि तुम्हाला वाटतं मशीन बंद आहे.

केळीबाग_रावेर

मंडळी, काम झालं. पांझरा सरांचं ऐकून पार्टिशन काढलं, कारण एसएसडीवर मिंटच्या वाट्याची जागा पुष्कळ मोकळी होती. गिरणाकाठच्या ताईंची लाईटची भीती रास्त होती, म्हणून शेजारच्या इन्व्हर्टरवर मशीन लावून, सगळा बॅकअप घेऊन, मग लाइव्ह पेनड्राइव्हवरून जीपार्टेडने १० जीबी काढले. यूयूआयडी ग्रबमध्ये आणि इनिटरॅमएफएसच्या रिझ्यूम फाइलमध्ये दोन्हीकडे लिहिला, अपडेट-ग्रब आणि अपडेट-इनिटरॅमएफएस चालवलं. जुनी स्वॅप फाइल एफएसटॅबमधून काढली. सिक्युअर बूट आधीपासूनच बंद होता. मेन्यूत हायबरनेट येत नाही, टर्मिनलमधून 'सिस्टमसीटीएल हायबरनेट' देतो.

आज दुपारी गाडी भरताना लाईट गेली. कमांड दिली, एसएसडीचा दिवा जरा वेळ लुकलुकला आणि मशीन बंद. यूपीएसचं बटणही बंद केलं. संध्याकाळी लाईट आल्यावर सुरू केलं तर वजनपावतीत कर्सर जिथे होता तिथेच, न सेव्ह केलेले आकडे तसेच. घरच्यांनाही बोलावून दाखवलं. बँकेचं पान मात्र 'पुन्हा लॉगिन करा' म्हणालं.

भुसावळ_यार्ड

ते तसंच होणार दादा. लॉगिन त्यांच्या सर्व्हरवर संपतं, तुमच्या रॅममध्ये नाही. ऑनलाइन फॉर्म भरताना मसुदा सेव्ह करायची सवय ठेवाच.

केळीबाग_रावेर

समजलं. शेवटचं विचारतो. दिवाळीत रॅम १६ जीबी करायचा विचार आहे. पाटील सरांनी सांगितलं तसं १० जीबी पार्टिशन अपुरं पडेल का?

पांझरा_काठ

तुमच्या कामाला बहुतेक पुरेल. १६ जीबीला कर्नलचा डिफॉल्ट अंदाज ६.४ जीबीचा, दाबल्यावर त्याहून कमी. रॅम वाढली की स्वॅपही एरवी रिकामाच राहील. रॅम बसवल्यावर '/सिस/पॉवर/डिस्क' मध्ये 'टेस्ट_रिझ्यूम' लिहा, नेहमीचं सगळं उघडं ठेवा आणि सिस्टमसीटीएल न वापरता '/सिस/पॉवर/स्टेट' मध्ये 'डिस्क' लिहून हायबरनेट द्या. त्यात कर्नल इमेज खरोखर स्वॅपमध्ये लिहितो आणि मशीन बंद न करता लगेच परत वाचून उठतो. जागा कमी पडली तर तिथेच कळेल आणि काम जाणार नाही. तपासून झालं की त्या फाइलमध्ये पुन्हा 'प्लॅटफॉर्म' लिहा. कमी पडलंच तर पार्टिशनला हात न लावता इमेज_साइजमध्ये लहान आकडा टाका. तो दर बूटला परत जुन्यावर जातो, म्हणून '/ईटीसी/टीएमपीफाइल्स.डी' मध्ये एक ओळ लिहून कायम करायचा. ती ओळ तेव्हा इथेच लिहून देईन.